नामेकवरची पाच मिनिटं: ॲनिमे बघताना चीड कशाची येते आणि त्याऐवजी काय बघावं

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका. त्यांच्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘नारुतो निम्म्यात सोडलं, कारण मूळ गोष्ट कुठे गेली तेच कळेना. प्रॉमिस्ड नेव्हरलँडचा पहिला सीझन एका रात्रीत संपवला आणि दुसऱ्यानं डोकं फिरवलं. प्रेमकथा लावली तर चोवीस भागांत दोघं हातसुद्धा धरत नाहीत. या लोकांना गोष्ट सांगता येत नाही, की मीच चुकीचं निवडतोय? वेळ फुकट जाणार नाही असं काही सुचवा.’

दोन्ही थोडंथोडं खरं आहे. आधी मी कोण ते सांगतो. गेली चौदा वर्षं मी मराठी दैनंदिन मालिका लिहितोय. आधी संवाद, मग पटकथा. ॲनिमे त्याहून जुनं. तसं माझ्या वयाचे सगळेच ॲनिमे बघत होते, फक्त त्याला ॲनिमे म्हणतात हे माहीत नव्हतं. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्याच्यासाठी आंघोळी लांबायच्या तो मोगली निप्पॉन ॲनिमेशनचा, १९८९ सालचा, ५२ भागांचा. सांगायचा मुद्दा, ही मंडळी मला परकी वाटत नाहीत, आमच्याच धंद्यातली वाटतात. त्यांनी गोष्टीत पाणी कुठे घातलंय ते मला चटकन दिसतं, कारण मीही घातलंय.

एका मालिकेत आमच्या नायिकेला कावीळ झाली. तीन आठवडे तिचं शूटिंग बंद. तयार भागांची बँक होती जेमतेम चार दिवसांची आणि गोष्ट तिच्या साखरपुड्यावर येऊन ठेपलेली. नायिकेला मावशीच्या गावी धाडलं आणि घरात माळ्यावर आजीची जुनी पेटी सापडवली. पेटीत एक पत्र. पत्र कुणाचं, यावर अकरा भाग गेले. नायिका बरी होऊन आली, पत्र पुन्हा पेटीत गेलं आणि पुढची दोन वर्षं त्या पत्राचं नाव कुणी काढलं नाही.

ॲनिमेत ज्याला फिलर म्हणतात, म्हणजे वेळ काढायला घातलेले भाग, ती हीच पेटी. नारुतोच्या पहिल्या मालिकेचे २२० भाग आहेत आणि १३६ च्या पुढे जवळजवळ सगळ्या पेट्याच आहेत. कारण साधं. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, दर आठवड्याला छापली जात होती, ॲनिमे तिच्यामागे धावत होतं, आणि धावता धावता अगदी तिच्या पाठीला जाऊन टेकलं. टीव्हीवरची वेळ सोडायची नाही, कारण सोडली तर दुसरा कुणीतरी बसतो. मग लेखकांना सांगितलं जातं की काहीही करा, पण मूळ गोष्टीत ढवळाढवळ होईल असं काही करू नका. म्हणजे कुणी मरायचं नाही, कुणी बदलायचं नाही, कुणाला काही नवं कळायचं नाही. या अटींवर कुणीही लिहिलं तरी पेटीच निघेल. ब्लीचमधला बाऊंटांचा अख्खा ट्रॅक याच जातीचा. तोही कुठे, तर सोल सोसायटीसारख्या चढत्या भागाच्या लगेच नंतर.

म्हणून कुठल्याही मालिकेवर वैतागलात की मी आधी एकच विचारतो: हे रटाळ झालंय ते कॅलेंडरमुळे की लेखणीमुळे? कॅलेंडरमुळे झालं असेल तर पाणी गाळून गोष्ट पिता येते. १३५ वा भाग झाला की सरळ शिप्पुडेन, म्हणजे नारुतोची पुढची मालिका, लावा, काही अडत नाही. लेखणीमुळे झालं असेल तर मात्र सोडून द्यावं. कितीही भाग गाळले तरी चव तीच लागणार.

कॅलेंडरचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना म्हणजे ड्रॅगन बॉल झेड. खलनायक फ्रीझा नामेक ग्रहाच्या गाभ्यात स्फोट घडवतो आणि सांगतो, पाच मिनिटांत हा ग्रह फुटेल. ती पाच मिनिटं जवळजवळ दहा भाग चालतात. कार्टून नेटवर्कवर शाळा सुटल्यावर हे बघितलेल्या पिढीला ती पाच मिनिटं आजही आठवतात. एक जण ओरडतोय, दुसरा घाम पुसतोय, तिसरा लांबून ‘काय ही शक्ती!’ म्हणतोय. २००९ मध्ये तोएई या स्टुडिओनं ड्रॅगन बॉल काई आणलं. तीच मालिका, तीच चित्रं, फक्त पाणी काढून टाकलेली. झेड बघायची इच्छा असेल तर काईच बघा. जुन्या हिंदी आवाजांची आठवण हे एवढंच झेडच्या बाजूनं बोलता येईल, आणि ते कारण कमी नाही, मान्य.

वन पीसचं दुखणं वेगळं आहे. तिथे पेट्या कमी, पण दूध पातळ. ड्रेसरोझा हा ट्रॅक मांगात ७०० ते ८०१ या प्रकरणांत आहे, म्हणजे १०२ प्रकरणं. ॲनिमेत त्याला ११८ भाग लागले, ६२९ ते ७४६. सुमारे सतरा-अठरा पानांच्या एका प्रकरणाला एक भागही पुरला नाही. त्यातून सुरुवातीचं गाणं आणि मागच्या भागाची उजळणी वजा केली की उरलेल्या वेळात काय करणार? धावणारा माणूस जास्त वेळ धावतो. चकित झालेल्या माणसाचा चेहरा आधी दाखवायचा, मग त्याच्या शेजाऱ्याचा, मग शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचा. आमच्याकडे सुनेनं बॉम्ब टाकला की घरातल्या प्रत्येकावर तीन-तीनदा कॅमेरा जातो, तेच हे. वन पीस सोडा असं मी सांगणार नाही, त्यातला जीव मोठा आहे. पण ड्रेसरोझापुरती मांगा हातात घ्या. गोष्ट एकदम पळायला लागते.

आता थांबून एक उलटं उदाहरण देतो, नाहीतर ‘संथ म्हणजे वाईट’ असा समज होईल. हंटर एक्स हंटर, २०११ ची आवृत्ती, १४८ भाग. त्यात चिमेरा मुंग्यांच्या ट्रॅकमध्ये राजवाड्यावर हल्ला होतो. तिथे काही सेकंदांत घडणाऱ्या गोष्टीला भागच्या भाग लागतात, आणि वर एक निवेदक सतत बोलत असतो. पुष्कळ लोक इथेच मालिका बंद करतात. मला विचाराल तर पाच मिनिटांचे दहा भाग कसे करावेत याचा तो वस्तुपाठ आहे. नामेकवर वेळ ताणला आहे कारण सांगायला काही नाही. राजवाड्यात वेळ ताणला आहे कारण सांगायला फार आहे. पायरीवर पाय ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय, वरून बघणाऱ्याला त्यातलं काय कळलं, आणि जे कळलं ते चुकीचं कसं होतं. प्रत्येक सेकंदाला कुणीतरी निर्णय घेतो आणि पुढचा सेकंद बदलतो. निवेदक जरा कमी बोलला असता तर बरं झालं असतं, एवढी तक्रार माझीही आहे.

प्रॉमिस्ड नेव्हरलँडकडे येतो, कारण तुमचा खरा राग तिथे दिसतोय. पहिला सीझन २०१९ चा, १२ भाग, मांगाची पहिली ३७ प्रकरणं. दुसरा २०२१ चा, ११ भाग, आणि त्यात उरलेली १४४ प्रकरणं. हिशेब तुम्हीच करा. गोल्डी पाँडचा अख्खा ट्रॅक, ज्याची वाचक वाट बघत होते, तो आलाच नाही. शेवटच्या भागात तर पुढची सगळी कथा लग्नाच्या अल्बमसारखी स्थिर चित्रांत उलगडून मोकळे झाले. इथे कॅलेंडरचा बहाणा चालत नाही, कारण २०२० मध्येच मांगा पूर्ण झाली होती. पेटी नको होती तिथे पेटी घालणं हा एक गुन्हा. भरलेलं घर एका टेम्पोत कोंबून रिकामं करणं हा दुसरा. पहिला सीझन मी अजूनही लोकांना दाखवतो. बाराव्या भागाच्या शेवटाला थांबायचं, पुढचं मांगात वाचायचं.

अर्धवट शेवटामागे एक व्यवहार असतो, तो माहीत असला की निवड सोपी होते. बहुतेक ॲनिमे एका निर्मिती समितीच्या पैशावर होतात. प्रकाशक, टीव्ही, संगीत कंपनी, खेळणी विकणारे, सगळे मिळून पैसा घालतात आणि धोका वाटून घेतात. पुष्कळदा प्रकाशकाला हवी असते ती पुस्तकाची जाहिरात: बारा-तेरा भाग, तीन महिने, आणि प्रेक्षक पुस्तकाच्या दुकानात. त्या हिशेबानं शेवट हवाच कुणाला? म्हणून नवी मालिका लावण्याआधी मी दोन मिनिटं शोधतो: मूळ मांगा किंवा कादंबरी संपली आहे का, आणि ॲनिमे तिच्या शेवटापर्यंत गेलंय का. नायक कोण, चित्रं कशी, हे नंतर. ‘शेवटचा सीझन’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. अटॅक ऑन टायटनचा शेवटचा सीझन डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. आपल्याकडच्या साड्यांच्या सेलचे शेवटचे तीन दिवस असतात तसा.

मूळ मांगा संपलेली असण्या-नसण्यानं पडणारा फरक एकाच गोष्टीत बघायचा असेल तर फुलमेटल अल्केमिस्ट घ्या. २००३ मध्ये पहिलं ॲनिमे आलं तेव्हा हिरोमु अराकावांची मांगा अर्ध्यावरही नव्हती, म्हणून ५१ भागांच्या मालिकेनं पुढे स्वतःची वाट काढली. २००९ मध्ये ब्रदरहूड आलं, ६४ भाग, आणि ते २०१० मध्ये मांगेच्या जोडीनंच संपलं. तुम्हाला मी ब्रदरहूड सुचवीन. त्याचे पहिले दहा-बारा भाग घाईचे आहेत, कारण ‘हे तुम्ही आधी पाहिलंय’ असं गृहीत धरलंय; तेवढं सोसा. या गोष्टीत मेलेला माणूस परत आणता येत नाही, हा कथेचा पायाच आहे. दोन पोरं आईला परत आणायला जातात आणि एकाचा हात-पाय, दुसऱ्याचं अख्खं शरीर जातं. ड्रॅगन बॉलमध्ये सात गोटे गोळा केले की मेलेले उठून बसतात, आणि तिसऱ्यांदा कुणी मेलं की आपण पाणी प्यायला उठतो. तो वैताग ज्यांना आहे त्यांनी इथे यावं.

पुढची तक्रार तुम्ही केली नाहीत, पण करणार आहात: ऐनवेळचा फ्लॅशबॅक. तलवार मानेवर आलीय आणि पडद्यावर बालपण सुरू. डीमन स्लेयरच्या पहिल्या सीझनचा १९ वा भाग आठवा. नायक तांजिरो मरायला टेकलाय आणि त्याला वडिलांचा बर्फातला नाच आठवतो. युफोटेबल स्टुडिओनं ती मिनिटं अशी रंगवली आहेत की अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण दुसऱ्यांदा बघताना लेखक म्हणून टोचलं. तांजिरोच्या कानातले, वडिलांकडून आलेले डूल पहिल्यापासून दिसत होते, पण नाच आपल्याला सांगितला तो नेमका गरज पडली तेव्हा. चित्रानं उधारी फेडली, लेखनानं नाही. त्यानंतर मरता मरता प्रत्येक राक्षसाची करुण कहाणी सुरू होते. पहिल्या दोन-तीन वेळा पोटात कालवतं, मग आपण घड्याळ बघतो.

पेरणी कशी करतात ते बघायला पिंग पाँग द ॲनिमेशन लावा. २०१४, दिग्दर्शक मासाआकी युआसा, अवघे ११ भाग. चित्रं बघून पहिल्यांदा नाक मुरडाल, रेषा वेड्यावाकड्या आहेत. मुरडा आणि तरी बघा. संकटात मनात तीनदा हाक मार, हिरो येईल, हे वाक्य पहिल्याच भागात येतं. तेव्हा ते पोरकट वाटतं. शेवटाकडे ते परत येतं तेव्हा कुणाला काही आठवण करून द्यावी लागत नाही, दहा भाग ते आपल्याच खिशात असतं. फ्रीरेनमध्येही आठवणी भरपूर आहेत, पण त्या एखाद्या वस्तूवरून सुरू होतात, पाच-दहा सेकंद राहतात आणि त्याच वस्तूवर परत येतात. पहिल्या भागात चार मित्र उल्कावर्षाव बघतात. फ्रीरेन ही एल्फ, हजारो वर्षं जगणारी. ती सहज म्हणते, पुढच्या वेळी यापेक्षा चांगली जागा दाखवते. पुढची वेळ पन्नास वर्षांनी असते. ती ठरल्याप्रमाणे येते, आणि दारात उभा असलेला माणूस म्हातारा झालेला असतो. एकही हुंदका नाही, भाषण नाही. आम्ही हे लिहिलं असतं तर मागे बासरी लावली असती.

प्रेमकथेचं दुखणं मात्र बहुतांशी लेखणीचं, कारण तिथे न घडणं हाच माल असतो. निसेकोईत एक लॉकेट आहे आणि किल्ल्या एकीपेक्षा जास्त मुलींकडे; बाकी मांगाचे २५ खंड कुणाची किल्ली कुठे लागते यावर. ऐन कबुलीच्या क्षणी फटाके वाजतात, आगगाडी जाते, नायकाला ऐकू येत नाही. या गाड्या कायम वेळेवर कशा येतात, हे मला कुणी सांगावं.

त्यावर उतारा म्हणजे त्सुकी गा किरेई, २०१७, १२ भाग. कावागोए नावाच्या गावातली नववीतली दोन मुलं. पहिल्याच भागात ती दोघं आपापल्या घरच्यांबरोबर हॉटेलात जेवायला जातात आणि समोरासमोर येतात. दोन्ही घरच्या आया हसून बोलायला लागतात आणि पोरं जमिनीत जायची जागा शोधतात. मुलीला धीर हवा असला की ती खिशातलं रताळ्याचं छोटं खेळणं दाबते. मुलाला मेसेज आला की तो खोलीतल्या दिव्याच्या दोरीला बुक्के मारतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो विचारतो, चौथ्यात ती उत्तर देते, आणि मग खरी गोष्ट सुरू होते: विचारून झाल्यावर दोघांनी बोलायचं काय? बाकी सगळे इथे पोचायला दोन सीझन घेतात.

ट्रकखाली येऊन दुसऱ्या जगात जन्मणाऱ्या, पहिल्या भागापासून अजिंक्य असणाऱ्या नायकांच्या मालिकांबद्दल मी लिहीत नाही. शंभर आहेत, चार बऱ्या आहेत. मुली आधी हुशार दाखवून पुढे फक्त नायकाच्या नावानं किंचाळायला ठेवतात, ही तक्रार जास्त खरी आहे. नारुतोतली साकुरा त्याचं ठळक उदाहरण. तिथे द अपोथेकरी डायरीज बघा. राणीवशातली औषधं जाणणारी माओमाओ, आणि तिची हुशारी प्रत्येक प्रकरणात कामाला येते, नुसती सांगितली जात नाही.

एक सावधगिरी. मांगेवर न बेतलेल्या, थेट टीव्हीसाठी लिहिलेल्या मालिका सुरक्षित असतात असं मीही म्हणायचो. मग २०२१ मध्ये वंडर एग प्रायॉरिटी आली. सुरुवातीचे भाग बघून आमच्या लेखकांच्या गटात सगळे गप्प झाले होते, इतकं सुंदर. आठवा भाग निव्वळ उजळणीचा निघाला, काम वेळेत होत नव्हतं. शेवट जूनमध्ये एका विशेष भागावर ढकलला, आणि त्या विशेष भागानं उरलंसुरलं घालवलं. त्याच वर्षी त्याच प्रकारातली दुसरी आली, ऑड टॅक्सी. तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस हीच. तेरा भाग. टोकियोतला एक्केचाळीस वर्षांचा टॅक्सीवाला, तोही वॉलरस; सगळीच पात्रं प्राणी आहेत आणि ते का, हे विचारायचं नाही. एक शाळकरी मुलगी बेपत्ता आहे. टॅक्सीत बसणारा प्रत्येक जण फालतू गप्पा मारतो: मोबाइल गेम, प्रसिद्ध व्हायची हौस, रेडिओवरचे विनोदवीर. त्यातली एकही गप्पा फालतू नसते. तेराव्या भागाची शेवटची मिनिटं संपेपर्यंत फोनला हात लावू नका आणि आधी कुठेही काही वाचू नका.

ती आवडली आणि लांब बसायची तयारी असेल तर मॉन्स्टर, ७४ भाग. जर्मनीतला जपानी मेंदूचा डॉक्टर महापौराला सोडून एका पोराला वाचवतो आणि पुढे त्याची किंमत मोजतो. संथ आहे, पण पेटी एकही नाही. मादोका माजिका १२ भागांची आहे. दहावा भाग झाल्यावर पहिला पुन्हा लावा. इव्हँगेलियन मात्र आत्ता नको. १९९६ मधले त्याचे शेवटचे दोन भाग मुद्दाम डोकं फिरवणारे आहेत, आणि आधीच वैतागलेल्या माणसाला ते देणं म्हणजे जळजळ होणाऱ्याला ठेचा वाढणं.

शेवटी एक कबुली. लेखणीमुळे झालेली चीड असेल तर सोडून द्या, असं वर म्हणालो. मला त्यातून एकदा माघार घ्यावी लागली. २००९ मध्ये हारुही सुझुमियात ‘एंडलेस एट’ लागलं. ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे, तोच पोहण्याचा तलाव, तेच फटाके, तेच किडे पकडणं. आणि हे आठ आठवडे, आठ भाग, जवळजवळ तसंच्या तसं. क्योतो ॲनिमेशननं प्रत्येक भाग नव्यानं काढला, आवाज नव्यानं ध्वनिमुद्रित केले, कपडे बदलले, कॅमेऱ्याचे कोन बदलले. गोष्ट बदलली नाही. मधल्या प्रत्येक भागाच्या शेवटी हारुही कॅफेतून उठून जाते, नायक क्योनला काहीतरी बोलायचं असतं, तो बोलत नाही, आणि पुन्हा १७ ऑगस्ट. चौथ्या आठवड्यात मी मित्राला फोन करून शिव्या दिल्या होत्या. नव्या १४ भागांतले आठ याच्यावर घालवले, हा हिशेब कुठल्याही चॅनेलच्या बैठकीत एका मिनिटात फाडला गेला असता.

मग २०१० मध्ये त्याच गोष्टीचा चित्रपट आला, डिसअपिअरन्स ऑफ हारुही सुझुमिया. त्याच दोन आठवड्यांच्या त्या सगळ्या फेऱ्या, १५,५३२, नागातो या एका न बोलणाऱ्या मुलीला मात्र लक्षात होत्या. म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षं. चित्रपटात ती जे करते ते आठ आठवडे कंटाळलेल्या माणसालाच पुरतं कळतं. तुम्ही आठही बघू नका. पहिला, दुसरा आणि आठवा बघा, मध्ये हवा तर पाचवा, फक्त चिडायला. मग चित्रपट लावा आणि नागातो पहिल्यांदा समोर येते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघा.